विदर्भाच्या भार्गवाचा प्रश्न : प्राण म्हणजे श्वास का?



मागच्या व्याख्यानानंतर बाहेर पडताना एका गृहस्थांनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. इंजिनिअर असावेत, अक्षर फार नेटकं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘सर, प्राणायामाआधी ऑक्सिमीटरवर 96 दिसतं, नंतर 98 दिसतं. म्हणजे प्राण दोन टक्क्यांनी वाढला असं समजायचं का?’

हसू नका. प्रश्न अगदी प्रामाणिक आहे, आणि आपल्यापैकी निम्म्यांच्या मनात तो आहेच, फक्त तो लिहून देण्याचं धाडस त्यांनी केलं. आजचं सगळं बोलणं त्या चिठ्ठीचं उत्तर आहे असं समजा. उत्तर जरा लांबेल. चाळीस वर्षं शिकवलं, थोडक्यात सांगायची सवय राहिली नाही.

आधी शब्दाकडे बघू. ऑक्सिजनला आपण मराठीत काय म्हणतो? प्राणवायू. हा शब्द संस्कृतात फार जुना आहे, पण जुन्या ग्रंथांत त्याचा अर्थ ऑक्सिजन नव्हता, असणं शक्यही नव्हतं. हा वायू वेगळा काढून ओळखला गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, युरोपात. तिथेही सुरुवातीला त्याला ‘जीवनदायी हवा’ अशा अर्थाचं नाव होतं. मग लाव्हाझिएनं त्याला ऑक्सिजन म्हटलं. त्याचा अर्थ आम्ल तयार करणारा, आणि तेही चुकलंच, कारण ऑक्सिजन नसलेली आम्लंही पुढे सापडली. आपल्याकडे शास्त्राची पुस्तकं मराठीत येऊ लागली तेव्हा कोणीतरी हा जुना, तयार शब्द उचलला आणि त्या नव्या वायूला चिकटवला. शब्द सुंदर आहे. माझी तक्रार शब्दाबद्दल नाही. पण त्या दिवसापासून दोन वेगळ्या गोष्टी एका पाटीखाली आल्या, आणि आपण शाळेतच शिकलो की प्राण हा हवेतला एक वायू आहे, साधारण 21 टक्के असतो.

घरातली मराठी मात्र असं बोलत नाही. आजी म्हणायची, ‘पोरात प्राण अडकलाय तिचा.’ गवई प्राण ओतून गातो. गणपतीची मूर्ती बाजारातून आणतो तेव्हा ती माती असते, प्राणप्रतिष्ठा झाली की देव होतो; मूर्ती काही श्वास घेऊ लागत नाही. आणि जुन्या घरांत जेवायला बसताना चित्राहुती घालून पाच प्राणांच्या नावानं पाच लहान घास घ्यायची रीत होती. माझे वडील घ्यायचे. आता बघा, प्राण म्हणजे हवा असेल तर त्याला वरणभाताचा घास कशाला द्यायचा? लहानपणी मी हे विचारलं होतं. उत्तर मिळालं, ‘गुपचूप जेव.’

उत्तर शोधायला मला प्रश्नोपनिषदापर्यंत जावं लागलं. अथर्ववेदातलं हे उपनिषद. सहा जण हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात. पिप्पलाद लगेच उत्तरं देत नाहीत. म्हणतात, आधी वर्षभर इथे राहा, तप करा, मग हवं ते विचारा. मला माहीत असेल तर सांगेन. हे ‘माहीत असेल तर’ मला फार आवडतं. हल्लीच्या गुरूंमध्ये ते कमी ऐकू येतं. तर या सहांमध्ये दुसरा प्रश्न विचारणारा आहे भार्गव वैदर्भी. शंकराचार्य भाष्यात सांगतात, वैदर्भी म्हणजे विदर्भातला. म्हणजे आपला माणूस, राजेहो! आणि त्यानं विचारलं काय, तर नेमका प्राणाचा प्रश्न. या देहाला धरून ठेवणाऱ्या शक्ती किती, त्याला प्रकाशित कोण करतं, आणि त्यांत सगळ्यांत श्रेष्ठ कोण?

उत्तरात पिप्पलाद एक गोष्ट सांगतात. आकाश, वायू, अग्नी, पाणी, पृथ्वी, वाणी, मन, डोळा, कान, हे सगळे मिळून फुशारकी मारतात की हे शरीर आम्ही सांभाळतो. प्राण म्हणतो, भ्रमात राहू नका, मीच पाच ठिकाणी वाटला जाऊन हे उभं ठेवलंय. त्यांचा विश्वास बसत नाही. मग प्राण रुसल्यासारखा वर उठतो, निघायला लागतो. तो उठताच बाकीचे सगळे आपोआप उठायला लागतात, तो बसला की बसतात. पोळ्यातला राजा उडाला की सगळ्या माश्या त्याच्यामागे उडतात, तशा. उपनिषद राजा म्हणतं. ती राणी असते हे आपल्याला आज ठाऊक आहे, दृष्टान्ताला त्यानं धक्का लागत नाही.

आता फुशारकी मारणाऱ्यांची यादी पुन्हा ऐका. आकाश, वायू, अग्नी... वायू! वायू हरणाऱ्यांच्या रांगेत बसलाय. हवा आणि प्राण एकच असते तर ही गोष्ट रचताच आली नसती. पुढे प्राणाची स्तुती करताना तोच वायू, तोच सूर्य, तोच पाऊस असं सगळं म्हटलं आहे, पण ती स्तुती आहे. वादाच्या जागी भेद स्पष्ट ठेवला आहे.

छांदोग्यात आणि बृहदारण्यकातही अशीच भांडणाची गोष्ट आहे. तिथे वाणी एक वर्ष बाहेर जाऊन येते, डोळा वर्षभर जाऊन येतो, कान जातो, मन जातं. परत येऊन विचारतात, माझ्याविना कसे जगलात? उत्तर मिळतं, मुके जगतात तसे, आंधळे जगतात तसे. प्राण निघू लागतो तेव्हा मात्र उमदा घोडा आपल्या मेखा उपटून निघावा तशी बाकीची इंद्रियं उपटली जातात. मला ही गोष्ट लहान मुलांना सांगण्याइतकी सोपी वाटते आणि तत्त्वज्ञानाच्या एम.ए.च्या वर्गात दोन तास घेण्याइतकी अवघड.

अवघड कुठे आहे, ते सांगतो. हा प्राण म्हणजे नक्की काय पदार्थ? इथे आपल्याकडे खरा वाद झाला आहे, गुळमुळीत नाही. सांख्य म्हणतात, प्राण म्हणून वेगळं काही नाहीच. आतली जी करणं आहेत, त्या सगळ्यांचं मिळून जे सामाईक काम चालतं त्याला प्राण म्हणायचं. आजच्या भाषेत बोलायचं तर शरीरातल्या सगळ्या यंत्रणा चालू आहेत, त्या चालू असण्याची बेरीज म्हणजे जीवन. हे मत आजच्या कुठल्याही शिकलेल्या माणसाला पटेल. बादरायणांचं ब्रह्मसूत्र दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादात हे नाकारतं. त्याचं म्हणणं असं की प्राण म्हणजे नुसती हवा नाही आणि इंद्रियांची क्रियाही नाही, कारण श्रुतीनं तो दोन्हींहून वेगळा सांगितला आहे.

त्यावर शंकराचार्यांच्या भाष्यात एक फार छान दृष्टान्त येतो. प्रतिपक्षी म्हणतो, एका पिंजऱ्यात अकरा पक्षी आहेत. प्रत्येक जण आपापली हालचाल करतो, पण सगळ्यांच्या मिळून पिंजरा हलतो. तशी अकरा इंद्रियं आपापलं काम करतात आणि मिळून श्वासोच्छ्वास चालतो. आचार्य म्हणतात, पक्ष्यांचं ठीक आहे. प्रत्येक पक्ष्याच्या हालचालीत पिंजरा हलवण्याचा थोडा थोडा अंश आहेच, म्हणून बेरीज होते. पण पाहणं, ऐकणं, चव घेणं यांत श्वास घेण्याचा अंश कुठे आहे? ती जातच वेगळी. शून्यांची कितीही बेरीज केली तरी... हे शेवटचं वाक्य माझं, त्यांचं नाही. आणि दुसरा मुद्दा झोपेचा. गाढ झोपेत डोळा, कान, मन सगळी कामावरून उठलेली असतात. प्राण जागा असतो. प्रश्नोपनिषदाच्या चौथ्या प्रश्नात तर देहाला गाव कल्पून म्हटलंय की या गावात रात्री फक्त प्राणाचे अग्नी जागे राहतात. कामगार झोपल्यावरही जो जागा असतो, तो कामगारांची बेरीज कसा असेल?

मग प्राण म्हणजे काय? आचार्यांचं उत्तर मोजून-मापून आहे. तो वायूहून निराळं असं एखादं नवं तत्त्व नाही आणि नुसता वायूही नाही. वायूच, पण देहात येऊन पाच प्रकारे रचला गेलेला, एका विशेष अवस्थेतला. मी वर्गात सायकलच्या ट्यूबचं उदाहरण द्यायचो. ट्यूबमधली हवा आणि बाहेरची हवा एकच. पण आतली एका रचनेत, एका दाबाखाली आहे म्हणून ती माणसाचं ओझं पेलते. बाहेरच्या हवेवर बसून दाखवा! उदाहरण एका जागी लंगडं पडतं, ते माझ्या एका विद्यार्थिनीनं दाखवलं. ती म्हणाली, ‘सर, ट्यूब स्वतः हवा भरून घेत नाही.’ बरोबर. प्राणाची सगळी गंमत त्या ‘स्वतः’मध्ये आहे. हा शब्द ध्यानात ठेवा, शेवटी मला लागणार आहे.

पाच प्रकार थोडक्यात सांगतो. प्रश्नोपनिषदात राजाचा दृष्टान्त आहे. सम्राट जसा अधिकाऱ्यांना नेमतो, तू ही गावं सांभाळ, तू ती, तसा मुख्य प्राण इतर प्राणांना कामं वाटून देतो. स्वतः डोळे, कान, तोंड, नाक इथे राहतो. अपान खाली, उत्सर्जनाकडे. समान मध्ये, खाल्लेलं अन्न सगळीकडे सारखं वाटणारा. वडिलांच्या त्या पाच घासांचं उत्तर मला इथे मिळालं. व्यान नाड्यांमधून सर्वांगात फिरणारा. उदान वर जाणारा, मरणाच्या वेळी घेऊन जाणारा. आता सांगा, यांत श्वासाच्या वाट्याला कितीसं आलं? पचन प्राण, रक्त फिरणं प्राण, मलमूत्र बाहेर पडणं प्राण. श्वास हे एका अधिकाऱ्याच्या कचेरीतलं एक काम.

जाता जाता सांगतो, शब्दांचे अर्थही सरकले आहेत. छांदोग्यात एका ठिकाणी शंकराचार्य प्राण म्हणजे नाका-तोंडातून बाहेर सोडणं आणि अपान म्हणजे आत ओढणं असा अर्थ देतात, आपल्या आजच्या समजुतीच्या उलटा. तिथेच व्यानाबद्दल एक सुरेख निरीक्षण आहे. ताकदीची कामं, म्हणजे लाकडावर लाकूड घासून अग्नी काढणं, ताठ धनुष्य वाकवणं, माणूस श्वास घेत-सोडत करत नाही. दोन्हींच्या मधल्या सांध्यावर करतो, आणि तो सांधा म्हणजे व्यान. घरी जाऊन सुईत दोरा ओवून बघा. भरलेली बादली उचलून बघा, माझ्या वयाच्यांनी नको. श्वास आपोआप थांबतो. कोणी सांगितलेलं नसतं.

मग योगात श्वासावर एवढा भर का? कारण या पाचांपैकी दुसऱ्या कुणाच्या कारभारात आपला हात पोचत नाही. जठराला मी सांगू शकत नाही की आज सावजी जेवलोय, जरा जोर लाव. हृदयाला हळू चाल म्हणता येत नाही. श्वासाची गोष्ट वेगळी. तो झोपेत आपला आपण चालतो, पण जागेपणी मी म्हटलं तर थांबतो, लांबतो, मंदावतो. शरीरशास्त्रही हेच सांगतं. श्वासाची आपोआप चालणारी लय मेंदूच्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये तयार होते, आणि तिच्यावर मोठ्या मेंदूकडून, इच्छेकडून, दुसरी दोरी येते. आत जाणाऱ्या श्वासाबरोबर हृदयाचे ठोके किंचित वेगानं पडतात, बाहेर सोडताना मंदावतात. म्हणून उच्छ्वास लांबवला की थोड्या वेळात सगळं अंग निवळल्यासारखं वाटतं. हे कोणीही बोट नाडीवर ठेवून अनुभवू शकतो. नाक दाबलं की तोंड उघडतं, अशी आपली म्हण आहे. योग्यांनी नाक धरलं ते आतलं दुसरंच एक दार उघडावं म्हणून.

पतंजलींची प्राणायामाची व्याख्या वाचली तर त्यात काही भरून घेण्याची भाषा नाहीच. आसन स्थिर झाल्यावर श्वास-प्रश्वासाची जी अखंड ये-जा आहे तिच्यात खंड पाडणं, एवढंच. पुढे देश, काल, संख्या यांनी तो मोजायचा, लांब आणि सूक्ष्म करायचा. सूक्ष्म! आपण पहाटे महाराजबागेत किंवा अंबाझरीला फिरायला जातो तेव्हा जे फुस्स-फुस्स ऐकू येतं ते या शब्दाच्या नेमकं उलट आहे. कपालभातीला हठप्रदीपिकेत प्राणायाम म्हटलेलंच नाही. ती षट्कर्मांपैकी एक, धौती-नेतीच्या पंगतीत बसणारी शुद्धिक्रिया, आणि तीही मेद-कफ जास्त असलेल्यांसाठी; बाकीच्यांना गरज नाही असं स्वात्माराम स्पष्ट सांगतात. प्राणायाम म्हणून ज्या आठ कुंभकांची नावं येतात त्यांत भस्त्रिका आहे, कपालभाती नाही. मी करू नका म्हणत नाही. पोट धुणं आणि जेवण यांत फरक करा, इतकंच.

त्याच ग्रंथात इशाराही आहे. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसा प्राण हळूहळू वश करावा, नाही तर तो साधकालाच मारतो. योग्य रीतीनं केला तर रोग जातात, चुकीनं केला तर होतात. आता हे का होतं, ते आजच्या भाषेत बघा. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन आधीच 95 ते 100 टक्के भरलेला असतो. भांडं भरलेलं आहे. जोरजोरात श्वास घेतल्यानं त्यात फारशी भर पडत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि तो फार घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, हातापायाला मुंग्या येतात. काही जण त्यालाच कुंडलिनी समजतात. माझा एक हुशार विद्यार्थी पुस्तक वाचून भस्त्रिका करायचा, एकदा आंघोळीच्या आधी न्हाणीघरात पडला, कपाळाला टाके पडले. आणि आणखी एक गोष्ट या व्यासपीठावरून मी प्रत्येक वेळी सांगतो. दम्याचा पंप प्राणायामासाठी बंद करू नका. बंद करायचा की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

ऑक्सिजनच्या या भ्रमाचा पहिला मोठा परामर्श आपल्या महाराष्ट्रातच घेतला गेला, तोही एका योग्यानं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. जन्म 1883, डभोईचा. अमळनेरला शिक्षणकार्य केलं, नर्मदाकाठच्या मालसरच्या परमहंस माधवदासांकडे योग शिकले, आणि 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. त्यांची जिद्द अशी की योगाबद्दल जे बोलायचं ते उपकरण लावून बोलायचं. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब वातावरणाच्या दाबाच्या खाली जातो हे त्यांनी मोजून दाखवलं, आणि त्या पोकळीला गुरूंचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. गुरुदक्षिणेची ही तऱ्हा मला तरी दुसरीकडे दिसलेली नाही. प्राणायामाच्या बाबतीतही त्यांनी मोजलं. लोक समजतात की प्राणायामात जादा ऑक्सिजन मिळतो. त्यांनी लिहिलं की ही समजूत चुकीची आहे, प्राणायामाचं मोल तिथे नाही. तीसच्या दशकात त्यांच्याच आश्रमात राहून शिकलेल्या येल विद्यापीठाच्या बेहनान यांना स्वतःवरच्या मोजणीत उज्जायीच्या वेळी ऑक्सिजनचा वापर वाढलेला दिसला. वाद होऊ शकतो. पण कुवलयानंदांचा मुद्दा त्या आकड्यावर उभा नव्हता. आकडा वर जावो की खाली, त्याला प्राण म्हणू नका. एका योग्यानं 1930 च्या सुमारास हे म्हणणं, तेही जेव्हा ‘ऑक्सिजन वाढतो’ म्हटल्यानं शिष्य वाढले असते तेव्हा, मला त्याचं फार मोल वाटतं.

आपल्या नागपूरचं नाव घ्यायचं तर जनार्दनस्वामींचं घ्यावं लागेल. कोकणातून आलेला हा संन्यासी 1951 साली इथे योगाभ्यासी मंडळ सुरू करतो, आणि रामनगरात आजही फी न घेता शिकवलं जातं. या सभागृहात त्यांच्या परंपरेत शिकलेले पुष्कळ जण आहेत, त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं, म्हणून तिथे मी थांबतो.

एक आकडा मात्र राहिला. परंपरा सांगते, माणूस दिवसरात्रीत 21,600 श्वास घेतो. भागाकार करा: मिनिटाला 15. डॉक्टर 12 ते 20 सांगतात. लगेच टाळ्या वाजवू नका. 360 ला 60 नं गुणलं की 21,600 येतात. ज्योतिषातल्या वर्तुळाच्या कलाही तेवढ्याच. हा आकडा कोणी शेजारी बसून मोजलेला मला वाटत नाही. देह आणि आकाश एकाच मापानं चालतात हे सांगायला निवडलेला वाटतो. तो वास्तवाच्या जवळ पडला हे छान झालं.

आता चिठ्ठीकडे येतो. ऑक्सिमीटरचं सरळ उत्तर असं, की त्या बोटाला लावायच्या यंत्रात एकदोन टक्क्यांचा फरक यंत्राचाच असतो, तेव्हा 96 आणि 98 यांत फार वाचू नका. पण एवढ्यावर मला थांबता येत नाही. ऑक्सिमीटर या शब्दाबरोबर मला दोन गोष्टी आठवतात. एक 2021 चा एप्रिल-मे. इथे बसलेल्या प्रत्येकाला आठवतो. सिलिंडरसाठी रात्रभर फोन, पेपरात रोज ‘प्राणवायूअभावी’. त्या दिवसांत हा शब्द अगदी खरा झाला होता, आणि मी तेव्हा कोणाला प्राण आणि ऑक्सिजन यांतला भेद सांगायला गेलो नाही. गेलो असतो तर मार खाल्ला असता, आणि तो योग्य ठरला असता.

दुसरी गोष्ट घरची, त्याच्या आधीची. माझ्या धाकट्या भावाला मेंदूत रक्तस्राव झाला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मेंदूचा देठ मृत झाल्याची शंका आहे, तपासणी करावी लागेल. 1994 चा कायदा आहे, चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, तपासणी दोनदा करायची आणि मध्ये किमान सहा तास जायला हवेत. तपासणीतला एक भाग श्वासाचा असतो. व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला करतात. ऑक्सिजन बंद करत नाहीत, बारीक नळीनं तो आत देत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र वाढू देतात, कारण ‘श्वास घे’ हा हुकूम शरीराला मुख्यतः त्याच्याकडून मिळतो. आणि छातीकडे बघत बसतात, स्वतःहून हलते का. ती हलली नाही.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, त्या वेळी ऑक्सिमीटरवर काय होतं? म्हणाले, 98.

पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीच्या मधले सहा तास आम्ही बाहेरच्या बाकावर बसून होतो. त्याची बायको आत जाऊन आली. व्हेंटिलेटर पुन्हा जोडलेला, छाती वर-खाली होते आहे, हात ऊबदार, लघवीची पिशवी भरते आहे. ती मला म्हणाली, ‘दादा, श्वास तर चालू आहे ना त्यांचा? मग हे लोक काय म्हणताहेत?’

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला आयुष्यात विचारला गेलेला हा सगळ्यांत खरा प्रश्न. भार्गवाचाच प्रश्न तो, हे मला नंतर कळलं. मी तिला पोळ्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, अगं, माश्या अजून पोळ्यावर दिसताहेत, पण त्या यंत्रानं धरून ठेवल्या आहेत. ज्याच्यामुळे त्या स्वतः बसत होत्या तो गेलाय.

आता तुमच्यातला एखादा तर्कशास्त्राचा माणूस म्हणेल, सर, मूत्रपिंड काम करत होतं म्हणजे अपान होता, ऊब होती, रक्त फिरत होतं म्हणजे व्यान होता. तुमच्याच उपनिषदाप्रमाणे पाचांतले निदान दोन हजर होते. आक्षेप बरोबर आहे, आणि मी तो त्या बाकावरच स्वतःला घेतला होता. माझं उत्तर राजाच्या दृष्टान्तावर उभं आहे: अधिकारी आपापल्या गावी होते, त्यांना नेमणारा नव्हता. त्या रात्री मला ते पुरलं. परीक्षेच्या पेपरात मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले नसते. आणि पिप्पलादांना ब्रेनस्टेम ठाऊक होता असं म्हणणारा कोणी भेटला तर मी तिथून उठून जाईन. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की ‘हवा आत-बाहेर होतेय का’ हा एक प्रश्न आणि ‘ती कोण करतंय’ हा दुसरा, आणि त्यांची गल्लत करायची नाही.

दुसरी तपासणी पहाटे झाली. निकाल तोच. तिनं सही केली. पुढचं काम विदर्भाचं अवयवदान पाहणाऱ्या केंद्राकडून, झेडटीसीसीकडून, झालं. दोन्ही मूत्रपिंडं दोन माणसांना गेली. ती माणसं कोण ते आम्हाला सांगितलं गेलं नाही, तसा नियमच आहे.

वेळ संपत आली, समोर संयोजक घड्याळ दाखवताहेत. चिठ्ठीवाले गृहस्थ आले आहेत का? हां, तिकडे कूलरजवळ. तुमचा प्राणायाम चालू ठेवा. यंत्र मात्र दिवसातून दहादा लावू नका. त्याऐवजी श्वास बाहेर सोडून झाल्यावर पुढचा श्वास आपणहून येईपर्यंत काही करू नका, फक्त थांबा. ओढून घेऊ नका, अडवूही नका. तो येतो. कोण आणतं ते पाहायचा प्रयत्न करा, आणि पुढच्या शनिवारी मला सांगा. पुढच्या वेळी आपण ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय घेणार आहोत, पोथी असेल तर सोबत आणा.

नमस्कार.